पाऊस ओसरताना बागेची कामं: सप्टेंबरअखेर ते दिवाळी, क्रमानं

गणपती गेले की बियाण्याच्या दुकानात मेथी-पालकाची पाकिटं पुढच्या फळीवर येतात, नर्सरीत पिटुनिया आणि पँझीची रोपं दिसू लागतात आणि बागेची आवड असलेल्या माणसाचे हात शिवशिवायला लागतात. पण नेमक्या याच दिवसांत सर्वाधिक बी वाया जातं. सप्टेंबरच्या उघडिपीत पेरलेली मेथी हस्ताच्या एका सरीत कुजते. त्यातून वाचलीच, तर ऑक्टोबरच्या उन्हात पाणी द्यायचं राहून जातं आणि करपते. म्हणून माझा आग्रह कामांच्या क्रमावर आहे. आधी माती, मग कात्री, मग बी. हा क्रम सांभाळला, तर पुढचे चार महिने बाग भरभरून देते.

इंटरनेटवर शरदातल्या बागकामाच्या ज्या याद्या सापडतात, त्या बहुतेक थंड देशांतल्या असतात. पानगळ गोळा करा, हिमापासून झाडं झाका, कंद काढून ठेवा. आपल्याकडे पानगळ शिशिरात, म्हणजे जानेवारी ते मार्चमध्ये. शरद हा आपल्याकडे भाजीपाल्याचा आणि हंगामी फुलांचा खरा आरंभ आहे. पुढे लिहिलेलं सगळं पुणे आणि आसपासच्या हवेला धरून आहे. कोकण, मराठवाडा, विदर्भात काय बदलतं ते शेवटी सांगितलं आहे.

तारीख कशी ठरवायची

मुंबईतून मोसमी पाऊस परतण्याची सरासरी तारीख हवामान विभागानं ८ ऑक्टोबर धरली आहे. पुण्यातही साधारण त्याच सुमारास. पण सरासरी ती सरासरी. सूर्याचं हस्त नक्षत्र २७ सप्टेंबरच्या आसपास लागतं आणि चित्रा १० ऑक्टोबरच्या पुढे-मागे. हस्ताचा पाऊस दुपारनंतर, गडगडाटासह आणि धो धो येतो, हे आपल्या आजी-पणजींना पाठ होतं. त्यामुळे बारीक बियांची उघड्यावरची पेरणी हस्त संपेपर्यंत थांबवलेली बरी. तोवर मातीचं आणि रोपवाटिकेचं काम भरपूर असतं.

जमिनीतल्या वाफ्याला तारखेपेक्षा वाफसा, म्हणजे ओल असूनही चिखल नाही अशी मातीची कामाजोगी स्थिती, महत्त्वाची. मूठभर माती घेऊन दाबा. बोटांमधून चिखल आला तर थांबा. गोळा झाला आणि कमरेच्या उंचीवरून सोडल्यावर फुटून मोकळा झाला, तर वाफसा आला आहे. ओल्या चिखलात कुदळ घातली तर ढेकळं होतात, ऊन लागलं की ती विटेसारखी टणक होतात आणि पुढचे कित्येक महिने मुळांना आत शिरू देत नाहीत. काळ्या मातीत हा त्रास जास्त. तांबड्या, मुरमाड मातीत वाफसा लवकर येतो.

पहिलं काम: ऊन कुठे सरकलं ते बघा

हे काम बहुतेकजण करत नाहीत आणि मग कुंडीतलं टोमॅटो का फळत नाही म्हणून खतं बदलत बसतात. मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत पुण्यात भर दुपारी सूर्य डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो. २३ सप्टेंबरच्या सुमारास दुपारी तो दक्षिणेकडे कललेला, क्षितिजापासून साधारण ७१ अंशांवर असतो आणि २१ डिसेंबरला जेमतेम ४८ अंशांवर. याचा अर्थ असा, की पावसाळ्यात सावलीत राहिलेली दक्षिणेची गॅलरी आता उजळायला लागते आणि उत्तरेच्या गॅलरीतलं थेट ऊन जातं.

गच्चीवर याचा हिशेब सोपा आहे. दक्षिणेच्या तीन फुटी कठड्याची दुपारची सावली सप्टेंबरअखेर सुमारे एक फूट पडते, डिसेंबरात ती पावणेतीन फुटांवर जाते. कठड्याला चिकटून ठेवलेली कुंडी तेव्हा दिवसभर अंधारात. म्हणून फळभाज्यांच्या कुंड्या आत्ताच उत्तरेच्या बाजूला न्या, किंवा विटांवर उंच करा. दक्षिणेच्या कठड्याखालच्या पट्ट्यात पालक, पुदिना, लेट्यूस ठेवा, त्यांना कमी ऊन चालतं. कुंड्या मातीनं भरून ओल्या झाल्यावर हलवणं पाठीच्या जिवावर येतं, म्हणून हे काम आधी.

कुंड्या उचलता तेव्हाच खालच्या बशा रिकाम्या करा, गच्चीच्या पन्हाळीचं तोंड मोकळं करा आणि फरशीवरचं शेवाळ खरवडून काढा. डेंग्यूचा डास साठलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत त्यातून नवे डास उडतात. दर आठवड्याला बशा कोरड्या करायच्या, हे दिवाळीपर्यंत न चुकता.

माती: सगळ्यात जास्त वेळ इथे द्या

चार महिन्यांच्या पावसानं कुंडीतला नत्र आणि पालाश धुऊन गेलेला असतो. वरचा थर घट्ट बसलेला, त्यावर हिरवट साय, आणि तळाची भोकं मुळांनी किंवा गाळानं बुजलेली. नुसतं वरून खत टाकून हे सुधारत नाही.

ज्या कुंड्यांमधलं पावसाळी पीक संपलं आहे, म्हणजे भेंडी, गवार, काकडी, त्या पूर्ण उलट्या करा. माती जुन्या चादरीवर पसरा आणि तीन-चार दिवस कडक ऊन दाखवा. ढेकळं हातानं फोडताना नीट बघत चला. तांबूस डोक्याची, पांढरी, अर्धचंद्रासारखी वळलेली जाड अळी दिसली तर ती हुमणी असण्याची शक्यता आहे. ती मुळं कुरतडते. झाड वरून पाणी असूनही कोमेजतं आणि ओढलं की अलगद हातात येतं. कच्च्या शेणखतातून ती हमखास येते. अशाच दिसणाऱ्या, निव्वळ कुजका पालापाचोळा खाणाऱ्या अळ्याही असतात. त्या कंपोस्टच्या डब्यात असतील तर राहू द्या, त्यांचा उपयोगच होतो. कुंडीतल्या मात्र काढा. मातीत ज्वारीच्या दाण्याएवढ्या पिवळसर गोळ्यांचा पुंजका सापडला तर ती गोगलगाईची अंडी, तीही काढून चिरडून टाका.

माती वाळली की मिश्रण करा. माझं प्रमाण असं: जुनी माती चार भाग, चाळलेलं कंपोस्ट किंवा गांडूळखत तीन भाग, कोकोपीट किंवा चुरलेला वाळका पाला दोन भाग आणि जाडी वाळू एक भाग. बारा इंची कुंडीला त्यात मूठभर निंबोळी पेंड. कोकोपीट वापरण्याआधी भिजवून दोनदा पिळून घ्या, त्यातले क्षार निघून जातात. ट्रायकोडर्मा या उपयुक्त बुरशीची पावडर मिळाली तर ओलसर कंपोस्टमध्ये मिसळून आठवडाभर सावलीत झाकून ठेवा आणि मग मातीत घाला. मर आणि मूळकुज यांना त्याचा चांगला अटकाव होतो.

बारमाही झाडांच्या कुंड्या उलट्या करायची गरज नाही. वरचा दोन इंचांचा थर खुरप्यानं हलका करा, मुळं न दुखावता काढून टाका आणि त्या जागी कंपोस्ट भरा. तळाच्या भोकातून एखादी काडी किंवा लोखंडी सळई आत सरकवून ती मोकळी झाल्याची खात्री करा. पाणी घातल्यावर मिनिटभरात खालून वाहिलं पाहिजे.

गणपतीच्या निमित्तानं एक सांगायलाच हवं. घरी बादलीत विसर्जन केलेल्या शाडूच्या मूर्तीची माती अनेकजण श्रद्धेनं कुंडीत ओततात. शाडू म्हणजे अतिशय बारीक कणांची चिकणमाती. तिच्यात झाडाला अन्न म्हणावं असं फारसं नसतं, आणि वाळली की तिचा थर पाणी अडवतो. बागेतच ठेवायची असेल तर दहा भाग मिश्रणात एक भाग, त्याहून जास्त नको. उरलेली वाळवून पुढच्या वर्षीच्या मूर्तीसाठी ठेवा किंवा मूर्तिकाराला परत द्या. निर्माल्य मात्र खुशाल कंपोस्टमध्ये घाला. दोरे, जर, प्लास्टिकची वेष्टणं तेवढी वेचून काढा.

कंपोस्टचा डबा पावसात चिकट होऊन वास मारत असेल, तर त्यात वाळका पाला, लाकडाचा भुसा किंवा फाडलेला खोक्याचा पुठ्ठा घालून वर-खाली करा. चार-सहा दिवसांत वास जातो.

जीवामृत, म्हणजे शेण-गोमूत्राचं आंबवलेलं द्रवखत, वापरणाऱ्यांसाठी घरगुती माप देतो. पद्मश्री सुभाष पाळेकरांनी सांगितलेल्या २०० लिटरच्या प्रमाणाचा विसावा भाग केला की झालं: १० लिटर पाणी, अर्धा किलो देशी गाईचं ताजं शेण, अर्धा लिटर गोमूत्र, १०० ग्रॅम गूळ, १०० ग्रॅम बेसन आणि झाडाखालची चिमूटभर माती. सावलीत गोणपाटानं झाकून दोन दिवस ठेवा, सकाळ-संध्याकाळ काठीनं ढवळा आणि आठवड्याच्या आत संपवा. कुंडीत देताना मी त्यात दहापट पाणी घालतो.

कात्री: काय कापायचं आणि कशाला हात लावायचा नाही

या मोसमाची मोठी छाटणी गुलाबाची. नाशिकची द्राक्षंही ऑक्टोबरातच छाटतात, एप्रिलच्या खरड छाटणीनंतरची ही फळासाठीची छाटणी. कारण दोन्हीकडे मिळतंजुळतं आहे: पाऊस थांबलेला, हवा कोरडी होत चाललेली आणि पुढे थंडी. कापलेल्या जागी बुरशी बसायचा धोका आता कमी.

दसऱ्याच्या आसपास आभाळ स्वच्छ झालं की गुलाबाला हात घाला. छाटणीआधी चार-पाच दिवस पाणी कमी करा. धारदार कात्री स्पिरिटनं पुसून घ्या, एका झाडावरून दुसऱ्यावर जाताना पुन्हा पुसा. आधी वाळलेल्या, काळपट पडलेल्या, एकमेकींना घासणाऱ्या आणि पेन्सिलीपेक्षा बारीक फांद्या बुडातून काढा. मग कलमाच्या गाठीखालून आलेले फुटवे शोधा. ते खुंटाचे, म्हणजे ज्या रानटी गुलाबावर कलम बांधलं त्याचे फुटवे असतात, सरळ सुसाट वाढतात आणि कलमाचं अन्न खातात. ते वरून कापले तर पुन्हा फुटतात. माती बाजूला करून जिथून निघाले तिथून खाली ओढून तोडा.

उरलेल्या तीन ते पाच निरोगी फांद्या एक-दीड फुटावर कापा. कापायची जागा नीट निवडा. फांदीवर पानाच्या देठाच्या बगलेत लालसर टिपक्यासारखा डोळा असतो. जो डोळा झाडाच्या बाहेरच्या दिशेला तोंड करून आहे, त्याच्या पाव इंच वर तिरका काप घ्या, उतार डोळ्याच्या विरुद्ध बाजूला. कापलेल्या जागी मधला गर पांढरट-हिरवा दिसला पाहिजे. तपकिरी दिसला तर अजून खाली जा, कारण शेंड्याकडून मर तिथवर आलेली आहे. वेली गुलाबाला एवढं कापायचं नाही. मेलेलं काढा आणि बाजूच्या फांद्या आखूड करा. गावठी गुलाबालाही हलकीच छाटणी पुरते.

कापांना बोर्डो पेस्ट लावा: १०० मिली पाण्यासाठी १० ग्रॅम मोरचूद (कॉपर सल्फेट) आणि १० ग्रॅम कळीचा चुना. दोन्ही वेगवेगळ्या प्लास्टिकच्या भांड्यांत निम्म्या-निम्म्या पाण्यात कालवा आणि मग ढवळत एकत्र करा. झाडावर फवारायला हेच एक टक्क्याचं करतात, म्हणजे तेवढ्याच मोरचूद-चुन्याला एक लिटर पाणी. रंग आकाशी निळा आला पाहिजे. घासून स्वच्छ केलेला लोखंडी खिळा त्यात मिनिटभर बुडवा. त्यावर तांबूस थर चढला तर मोरचूद मोकळं राहिलं आहे, पानं जळतील. थोडी चुन्याची निवळी घालून पुन्हा खिळा बुडवून बघा. हातमोजे घाला, त्याच दिवशी वापरा आणि खायच्या पालेभाज्यांपासून दूर ठेवा.

छाटणीनंतर आठवड्यानं कंपोस्ट आणि निंबोळी पेंड द्या. साधारण सहा-सात आठवड्यांत फुलं येतात, म्हणजे ऑक्टोबरच्या मध्याला छाटलं तर डिसेंबरच्या सुरुवातीला.

आता कात्री लांब ठेवायची झाडं. मोगरा सध्या हिरवागार दिसतो आणि कापायचा मोह होतो. त्याची छाटणी थंडीत, आत्ता नाही. आंब्याचा मोहोर पक्व झालेल्या शेंड्यांवर येतो, म्हणून आता शेंडे कापू नका, नत्रयुक्त खतही नको, पाणीही बेताचंच. शेवंतीचे शेंडे खुडण्याची वेळ सप्टेंबरात संपली. शेवंतीचं अजून एक: रात्र मोठी झाली की तिला कळ्या धरतात. रस्त्यावरच्या दिव्याचा किंवा जिन्यातल्या बल्बचा उजेड रात्रभर पडत असेल तर झाड नुसतं पानांनी वाढत राहतं. कुंडी अंधाऱ्या कोपऱ्यात हलवली की काम होतं. पॉइनसेटियालाही हेच लागू.

बोगनवेलीला आता पाण्याचा ताण द्या, पानं किंचित मलूल झाल्यावरच पाणी घाला, फुलांनी लगडेल. जास्वंदीचे लांब शेंडे चार-सहा इंच छाटा. तुळशीच्या मंजिऱ्या आत्ता खुडल्या तर कार्तिकात तुळशीच्या लग्नाला झाड भरगच्च होतं. वाळलेल्या मंजिऱ्या चुरून त्यातलं काळं बी ठेवून द्या.

बी: तीन टप्प्यांत

पेरणीआधी जुनं बी तपासा. ओल्या फडक्यात दहा दाणे गुंडाळून डब्यात ठेवा, रोज थोडं पाणी शिंपडा. सात किंवा जास्त उगवले तर बी चांगलं. चार-पाच उगवले तर दाट पेरा, त्याहून कमी असतील तर नवं आणा. घटस्थापनेला परडीतल्या मातीत धान्य पेरतोच आपण. घरचा गहू, हरभरा किती जोमानं उगवतो ते तिथे नऊ दिवसांत डोळ्यांसमोर दिसतं.

पहिला टप्पा सप्टेंबरअखेर, पण छपराखाली: टोमॅटो, वांगी, मिरची, कोबी, फ्लॉवर, नवलकोल यांची रोपं. कपट्रेमध्ये निम्मं कोकोपीट, निम्मं गांडूळखत. बी स्वतःच्या जाडीच्या दुप्पट खोल. उगवेपर्यंत वर ओला कागद, उगवल्या दिवशी कागद काढून लगेच उजेडात. हा एक दिवस चुकला तर रोपं लांबुडकी होऊन मान टाकतात. पाणी सकाळीच द्या, संध्याकाळी ट्रेचा पृष्ठभाग कोरडा असू द्या. बुडाशी कुजून रोपं कोलमडतात ती रात्रभर ओल राहिल्यानं. २५ ते ३० दिवसांत चार-पाच पानांची रोपं संध्याकाळच्या वेळी कुंडीत लावा. टोमॅटोला निदान १५ लिटरची कुंडी, कोबी-फ्लॉवरला दहा-बारा इंची.

फ्लॉवरचं बी घेताना पाकीट वाचा. लवकरचे, मधले आणि उशिराचे असे वेगळे वाण असतात. थंडीचा वाण उकाड्यात लावला किंवा उलट केलं, तर गड्डा लिंबाएवढाच राहतो किंवा धरतच नाही. मग दोष खताला दिला जातो.

हंगामी फुलांचं बीही याच वेळी ट्रेमध्ये: पिटुनिया, फ्लॉक्स, डायँथस, ॲस्टर, कॅलेंडुला. पिटुनियाचं बी धुळीसारखं बारीक असतं, चिमूटभर कोरड्या वाळूत कालवून भुरभुरवा, वर माती टाकू नका, ट्रे खालून पाण्यात ठेवून भिजवा.

दुसरा टप्पा हस्ताच्या सरी थांबल्यावर, साधारण ऑक्टोबरच्या मध्यापासून: मेथी, पालक, शेपू, चाकवत, मुळा, बीट, वाल, घेवडा आणि लसूण. मेथी सहा इंच खोल ट्रेमध्येही येते. रात्रभर भिजवून फेकून पेरा, वर अर्धा इंच माती. पाचव्या दिवसापर्यंत हिरवी होते, महिन्यात काढायला येते. दर दहा दिवसांनी एक-एक ट्रे पेरा, एकदम सगळी पेरली की एकदमच खावी लागते. मुळ्याला सुरुवातीला ‘पुसा चेतकी’ घ्या, तो उकाडा सोसतो. गाजर-मुळ्याची रोपं उपटून दुसरीकडे लावू नका, मुळाला फाटे फुटतात. जागेवरच पेरून विरळणी करा.

लसणाच्या बाहेरच्या मोठ्या पाकळ्या निवडा, वरचा कागदी पापुद्रा काढू नका, टोक वर ठेवून दोन इंच खोल आणि चार इंच अंतरावर खोचा. मोसमभर पातीची चटणी मिळते आणि चार-साडेचार महिन्यांत गड्डे. दुकानातला लसूण चालतो, पण राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे ‘गोदावरी’, ‘श्वेता’ हे वाण मिळाले तर ते घ्या, आपल्या हवेत बसलेले आहेत.

तिसरा टप्पा दिवाळीच्या सुमारास, रात्री गार व्हायला लागल्यावर: मटार, गाजर, लेट्यूस, कांद्याची रोपं, टहाळाच्या भाजीसाठी हरभरा आणि मुख्य कोथिंबीर. कोथिंबिरीची घाई करू नका. माती तापलेली असली की ती नीट उगवत नाही, उगवली तरी लवकर फुलोऱ्यावर जाते. ऑक्टोबरात हवीच असेल तर दुपारची सावली मिळेल अशी जागा निवडा. अख्ख्या धण्यात दोन बिया असतात. लाटण्यानं हलक्या हातानं रगडून दोन फाकी करा, चुरा होऊ देऊ नका, आणि रात्रभर भिजवा. उगवायला आठ-बारा दिवस लागतात, तोवर माती एकदाही पूर्ण सुकू द्यायची नाही.

दसऱ्याच्या तोरणातल्या झेंडूचं बी बऱ्याचजणांना पेरायचं असतं. फूल सावलीत वाळवा, देठाकडून उकला. आत काळ्या काड्यांचे झुबके दिसतील, वरच्या टोकाला गवताच्या रंगाची शेपटी. काळा भाग भरीव असेल तर बी पक्व. चपटा, फिका असेल तर फोल. बाजारातला झेंडू बहुधा संकरित असतो, त्यामुळे रोपं आईसारखीच निघतील असं नाही. हौसेला पेरा, पण पुढच्या दसऱ्याच्या भरवशाच्या फुलांसाठी जुलैत विकतचं बी किंवा रोपं घ्या. जुनी झाडं उपटताना मुळं मातीतच तोडून ठेवा. झेंडूची मुळं सूत्रकृमींना, म्हणजे मुळांवर जगणाऱ्या मातीतल्या सूक्ष्म कृमींना, आळा घालतात, तिथे पुढे टोमॅटो लावलं तर फायदा होतो.

ऑक्टोबरचं ऊन आणि पाणी

पावसाळ्यात चार महिने नळी गुंडाळून ठेवलेली असते आणि सवय मोडते. ऑक्टोबरात पुण्याचं कमाल तापमान ३२ अंशांच्या आसपास असतं, आभाळ निरभ्र असतं आणि पावसाळी हवेत वाढलेली लुसलुशीत पानं या उन्हाला तयार नसतात. दोन पेरं बोट मातीत खुपसा, कोरडं लागलं तर पाणी, ओल असेल तर थांबा. पाणी सकाळी, खालून वाहीपर्यंत. नंतर दोन इंच आच्छादन: वाळका पाला, उसाचं पाचट, नारळाच्या शेंड्या. खोडाला मात्र चिकटवू नका. नव्यानं लावलेल्या रोपांवर आठवडाभर दुपारची जुनी साडी किंवा हिरवी जाळी पुरते.

कीड

जास्वंदीच्या शेंड्यावर कापसासारखा पांढरा थर म्हणजे पिठ्या ढेकूण. झाडावर मुंग्यांची रांग चढताना दिसली तर वर ढेकूण किंवा मावा आहे हे समजा, मुंग्या त्यांच्या गोड स्रावासाठी त्यांना सांभाळतात. आधी पाण्याचा जोरदार फवारा, मग लिटरभर पाण्यात ५ मिली निंबोळी तेल आणि १-२ मिली भांड्यांचा द्रवसाबण, संध्याकाळी, पानांच्या खालून. पाच-सात दिवसांनी पुन्हा. एका फवारणीत ही कीड जात नाही.

पानं निस्तेज, ठिपक्याठिपक्यांची झाली आणि खालून बारीक जाळं दिसलं तर लाल कोळी. कोरड्या उन्हात तो झपाट्यानं वाढतो; रोज सकाळी पानांची खालची बाजू पाण्यानं धुतली की निम्मा बंदोबस्त होतो. दुधी-काकडीवर पांढरी भुरी आली आणि वेल म्हातारा असेल तर औषधात पैसे घालू नका, वेल काढून टाका. तरुण वेलीवर पाण्यात मिसळणारं गंधक लिटरला २ ग्रॅम फवारा. निंबोळी तेल मारल्यावर दोन आठवडे गंधक नको, पानं भाजतात. गोगलगाई रात्री बॅटरी घेऊन वेचायच्या, हातमोजे घालून, आणि मिठाच्या पाण्यात टाकायच्या. ओलं गोणपाट रात्री वाफ्याकडेला पसरलं की सकाळी त्याखाली सापडतात.

जागेप्रमाणे बदल

कोकणात आणि गोव्यात पावसाचा शेवट रेंगाळतो आणि हवेत दमटपणा राहतो. तिथे दुसरा टप्पा ऑक्टोबरअखेर धरा; भात कापल्यावर त्याच ओलीवर वाल, कुळीथ, चवळी टाकायची जुनी रीत परसातही उत्तम चालते. मराठवाड्यात सप्टेंबरचा पाऊस हाच अनेकदा मोठा पाऊस असतो, म्हणून पाण्याची टाकी भरून घेणं आणि आच्छादन ही दोन कामं छाटणीच्याही आधी. विदर्भात रात्री लवकर गार होतात, मटार आणि गाजर आठवडा-दहा दिवस आधी पेरता येतात.

परदेशात थंड भागात राहणाऱ्यांची गोष्ट वेगळी. तिथे सप्टेंबरअखेर पेरणी नसते, झाडं वाचवायची असतात. कढीपत्ता, तुळस, मोगरा यांच्या कुंड्या रात्रीचं तापमान १० अंशांखाली जायच्या आधी घरात घ्या. आत आणण्यापूर्वी पानं दोन्ही बाजूंनी धुवा, नाहीतर मावा आणि लाल कोळी बरोबर येतात आणि हिटरच्या कोरड्या हवेत फोफावतात. दक्षिणेच्या खिडकीत ठेवा, खत बंद करा, पाणी निम्म्यावर आणा. कढीपत्त्याची पानं हिवाळ्यात पिवळी पडून गळाली तरी झाड मेलं असं समजू नका. खोड नखानं किंचित खरवडून आत हिरवं दिसतं का बघा. हिरवं असेल तर बेतानं पाणी देत राहा, वसंतात पुन्हा फुटेल.